दाढ काढल्यावरचं सूप

मावशी ग्रंथालयातून निवृत्त झाल्या त्याला सोळा वर्षं झाली होती, तरी तिथली जी चार माणसं अजून हयात होती ती त्यांना कार्डबाईच म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी पुस्तकांची कार्डं लिहिली होती. तळहाताएवढं पिवळसर जाड कार्ड, वर विषय, मग पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव, कोपऱ्यात कपाटाचा नंबर. खाली मधोमध एक भोक आणि त्यातून ओवलेली पितळी सळई, म्हणजे कुणी कार्ड उपटून खिशात घालू नये. पुढे संगणक आले आणि कार्डांचे खण अडगळीत गेले. कोऱ्या कार्डांचे उरलेले गठ्ठे मावशींनी साहेबांना विचारून घरी आणले. सोळा वर्षं वाणसामानाच्या याद्या त्यावरच होत होत्या आणि गठ्ठे काही संपत नव्हते.

त्या महिन्यात मावशींच्या घरातले सगळे नळ बदलायला काढले होते, म्हणून त्या तीन आठवड्यांसाठी भाचीकडे राहायला आल्या. बॅगेत दोन साड्या, गुडघ्याचं तेल आणि सवयीनं एक गठ्ठा.

भाचीनं वर्षापूर्वी विमा कंपनीतली नोकरी सोडली होती. नऊ वर्षं ती तक्रारींच्या टेबलावर होती. दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायचं आणि घरी आल्यावर कुणाशी बोलायचं त्राण उरायचं नाही, असं नऊ वर्षं चाललं. सोडल्यावर तिनं स्वयंपाकाचा ब्लॉग काढला. सोपे, घरचे पदार्थ. बासष्ट झाले होते. हात चांगला होता आणि लिहायचीही छान. फक्त वाचायला कुणी येत नव्हतं.

"आज किती?" संध्याकाळी भाचीच्या नवऱ्यानं, म्हणजे जावयांनी, बूट काढता काढता विचारलं.

"अडतीस."

"त्यातला एक मी."

"आणि दोन मी," मावशी म्हणाल्या. "दुसऱ्यांदा चुकून बोट लागलं."

"म्हणजे पस्तीस," भाची म्हणाली आणि हसली. पण ते हसू काही फार वेळ टिकलं नाही.

त्याचं कारण मावशींना दुसऱ्याच दिवशी कळलं. विमा कंपनीतल्या जुन्या साहेबांचा भाचीला फोन आला होता. तिची जागा पुन्हा रिकामी झाली होती आणि महिनाअखेरपर्यंत ते थांबायला तयार होते. भाचीनं मनाशी ठरवून टाकलं होतं. महिनाअखेरपर्यंत दिवसाला पाचशे वाचक झाले तर ब्लॉग. नाहीतर मुकाट्यानं तक्रारींचं टेबल.

"पाचशेच का?" मावशींनी विचारलं.

"काहीतरी आकडा हवा ना मावशी. नाहीतर मी अशीच वाट बघत बसेन."

हे मात्र मावशींना पटलं.

वाचक आणण्यासाठी भाची एका साइटवर फोटो टाकत असे. घरात तिला सगळे टाचणीची साइट म्हणत. तिथे लोक आपापले फलक करतात आणि आवडलेले फोटो त्यावर टाचून ठेवतात. फोटोवर बोट ठेवलं की तो ज्या ब्लॉगवरून आला तो ब्लॉग उघडतो. मावशींनी चष्मा पुसला आणि भाचीचे फोटो बघायला घेतले. एका वाडग्यात काहीतरी केशरी होतं आणि त्याखाली लिहिलं होतं, 'सोनेरी मिठी'.

"हे काय गं?"

"भोपळ्याचं सूप."

"आणि हा 'उबदार ढग'?"

"कुस्करलेले बटाटे. लोणी घालून."

मावशींनी चष्मा काढून ठेवला. "नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं म्हणतात. तुझं उलटंच आहे बाई. हाती अस्सल सोन्याचा वाळा, आणि नाव असं की सोनारालासुद्धा पत्ता लागू नये."

"अगं, भोपळ्याचं सूप असं काय, कुणीही लिहितं."

"कारण कुणीही तसंच मागतं. एकतीस वर्षं खिडकीजवळ बसले मी. पुस्तकाचं नाव घेऊन शंभरात पाच माणसं यायची. बाकीची काय म्हणायची? 'पोरगं जेवत नाही, त्यावर काही आहे का?' 'ते निळं पुस्तक, ज्यात म्हातारा शेवटी परत येतो.' माणूस आपली नड घेऊन येतो, नाव घेऊन नाही. मी कार्डावर नड लिहायचे, म्हणून त्याला पुस्तक सापडायचं."

जावई दारातून म्हणाले, "मावशी, मग भोपळ्याच्या सुपाची नड कुणाला असते?"

"तुम्हालाच होती की. गेल्या वर्षी दाढ काढलीत तेव्हा आठ दिवस दुसरं काय खाल्लंत?"

मावशींनी कोरं कार्ड ओढलं आणि पेन्सिलीनं वर लिहिलं, 'दाढ काढली आहे, काय खाऊ?' त्याखाली, 'भोपळ्याचं सूप, चावावं लागत नाही.'

मग दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. मावशी प्रत्येक पदार्थाला एकच प्रश्न विचारायच्या. हे कोण खाईल, आणि केव्हा? भाची आठवून सांगायची. उबदार ढग गेला आणि 'आजाऱ्याला भरवायला मऊ बटाटे' आले. 'पहाटेचं गुपित' म्हणजे शिळ्या पावाचं गोड निघालं. त्याचं झालं 'पाव कडक झाला, टाकू नका'. तिसऱ्या दिवशी दुपारी बासष्ट कार्डं झाली आणि मावशींनी ती टेबलावर पत्त्यांसारखी मांडली. एका बाजूला पाहुणे दारात उभे, दुसऱ्या बाजूला भात उरलेला, मधे भाजी न खाणारी मुलं. आणि खिडकीशी एकट्याचं जेवण. तेवढे फलक भाचीनं साइटवर केले.

फोटोही नव्यानं काढले. फोनचा पडदा उभा असतो तर फोटोही उभा हवा, हे भाचीचं. वाडग्यात चमचा घातलेला हवा, म्हणजे कुणीतरी आता खाणार आहे असं वाटतं, हे मावशींचं. खिडकीजवळ पांढरी चादर ताणून धरायचं काम जावयांकडे. "ऑफिसात मला विचारतात सुट्टीत काय केलं," ते म्हणाले. "सांगतो, चादर धरली."

आणि मग मावशींनी एक सुचवलं. "अक्षर इतकं सुबक आहे तुझं. फोटोवरच सगळं लिही ना. साहित्य, प्रमाण, कृती. बिचाऱ्याची दाढ ठणकतेय, त्याला कशाला आणखी हेलपाटा?"

भाचीनं तसंच केलं. वर चमचा घातलेला वाडगा, खाली आखीवरेखीव अख्खी कृती.

दहा दिवसांत सुपाचा फोटो नऊ हजार लोकांनी टाचला. भाची फोन घेऊन घरभर फिरत होती. जावयांनी केक आणला. मावशींनी मनातल्या मनात आपली पाठ थोपटून घेतली, आणि घराच्या नळवाल्यालासुद्धा फोनवर सांगून टाकलं.

मग भाचीनं ब्लॉगचा आकडा उघडला. चव्वेचाळीस.

"चव्वेचाळीसशे?" जावयांनी विचारलं.

"चव्वेचाळीस."

"नऊ हजारांनी टाचलं आणि चव्वेचाळीस आले? बाकीचे काय, दारावरूनच परत गेले?"

भाची आत गेली आणि थोड्या वेळानं इस्त्री तापल्याचा वास आला. मावशींनी डोकावून पाहिलं. तिचे ऑफिसचे सदरे कपाटाच्या तळातून वर आले होते. भाची कॉलरवरून इस्त्री पुन्हा पुन्हा फिरवत होती. ती कॉलर केव्हाच सरळ झाली होती.

मावशी बाहेर येऊन सुपाच्या फोटोखाली लोकांनी लिहिलेलं वाचू लागल्या. पुष्कळ लिहिलं होतं. कुणा बाईंनी म्हटलं होतं, 'फारच सोयीचं! सगळं इथेच आहे, आता कुठे शोधायला नको.' मावशींनी ते वाक्य दोनदा वाचलं, आणि त्यांना खुर्चीत नीट बसवेना.

नोकरीचं सातवं वर्ष होतं तेव्हा. पुस्तकं वरच्या मजल्यावर, जिना उभा, म्हातारी माणसं धापा टाकत चढायची, आणि कशासाठी, तर शाईचा डाग कसा काढावा एवढ्यासाठी. मावशींना कणव आली. त्यांनी कार्डांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पुस्तकातलं उत्तरच लिहायला सुरुवात केली. बारीक, सुरेख अक्षरात. लोक खूश. खालच्या खाली कार्ड उलटायचं, वाचायचं आणि दुवा देत घरी जायचं. तीन महिन्यांनी मोठे ग्रंथपाल त्यांना घेऊन जिना चढले. कपाटाशी जाऊन त्यांनी पुस्तकांच्या डोक्यावरून बोट फिरवलं आणि ते काळं झालेलं बोट पुढे धरलं. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाई, कार्डानं घराची वाट सांगायची. कार्डच घर होऊन बसलं तर घरात कोण येणार?" त्यानंतर महिनाभर मावशी रोज संध्याकाळी तासभर थांबून खोडरबरानं पाठी पुसत होत्या. ही गोष्ट त्यांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती. घरात कार्डबाईंचा केवढा मान.

त्या उठल्या आणि इस्त्रीच्या टेबलाजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"इस्त्री बंद कर. चूक तुझी नाही, माझी आहे. आणि पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा केलीये मी तीच."

त्यांनी सगळं सांगितलं. काळ्या बोटासकट.

भाचीनं ऐकून घेतलं. मग तिचा आवाज चढला. "मावशी, दहा दिवस गेले गं! तुला हे ठाऊक होतं, आणि तरी?"

"ठाऊक होतं. कणव आली की मला ठाऊक असलेलं सगळं विसरायला होतं."

"आता पाच दिवस राहिले."

"मग भांडण सहाव्या दिवशी करू. चादर कुठंय?"

टाचून गेलेले नऊ हजार फोटो काही परत बोलावता येत नव्हते. सुटलेला बाण तो. त्यांनी नवे केले. वाडगा तोच, चमचा तोच, वर माणसाची नड तशीच. खाली मात्र कृती नाही. भाचीनं लिहिलं, 'कोमट खावं की गार? मिक्सर नसेल तर? चौथ्या दिवसापासून त्यात काय घालता येतं? सगळं ब्लॉगवर लिहिलंय.' आणि ते खरंच ब्लॉगवर लिहिलं, कारण बोलावून उपाशी पाठवायचं तर मुळात बोलवायचंच कशाला.

पहिल्या दिवशी नव्वद आले, दुसऱ्या दिवशी एकशे सत्तर. तिसऱ्या दिवसापासून लोक ब्लॉगवर प्रश्न विचारू लागले. एकानं रागानं लिहिलं, सूप पाण्यासारखं झालं, फसवणूक आहे. भाचीनं त्याला उत्तर दिलं. भोपळा कोणता घेतलात, साल किती काढलीत, झाकण होतं का. चार वेळा विचारून चुकीचा उगम शोधून काढला. तो माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा आला आणि म्हणाला, जमलं. आता पावाचं गोड करतोय. आणखी एका गृहस्थांनी कळवलं की सूप बायकोला इतकं आवडलं की ती आता त्यांच्या उरलेल्या दाढांकडे बघते.

"हे उत्तर देणं कुठे शिकलीस गं?" मावशींनी विचारलं.

"तक्रारींच्या टेबलावर. दुसरं कुठे?"

महिन्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी तिघं टेबलाशी बसले. भाचीनं आकडा उघडला. चारशे एकतीस.

जावयांनी पाण्याचा ग्लास उगाच इकडचा तिकडे केला.

"पाचशे म्हटलं होतं मी," भाची म्हणाली. "आपणच ठरवायचं आणि आपणच मोडायचं, हे मला नाही आवडत."

"नको मोडू," मावशी म्हणाल्या. "एक फक्त बघून सांग. आमच्या दारावरचा शिपाई येणारी माणसं मोजायचा. मोठे ग्रंथपाल तो आकडा बघायचेसुद्धा नाहीत. ते विचारायचे, परत किती आले? ते दिसतं का तुझ्यात?"

भाचीनं दोन-तीन ठिकाणी बोट लावलं. "दिसतं. मी कधी बघितलंच नव्हतं."

"किती?"

"एकशे अठ्ठावन्न." तिनं मागचा महिना काढून बघितला. "तेव्हा नऊ होते."

"त्यात एक मी होतो," जावई म्हणाले.

भाची उठून खिडकीशी गेली. खाली रस्त्यावर दुकानांचे दिवे लागत होते. मावशींना आणखी चार वाक्यं सुचली होती, पण त्यांनी ती गिळली. आधीच्या दोन्ही चुका कणवेपोटीच झाल्या होत्या. तिसरी व्हायला नको होती.

भाचीनं फोन लावला. "साहेब, नमस्कार. थांबलात त्याबद्दल आभारी आहे... नाही, माझ्या जागी दुसरं कुणी बघा. मी नाही येत." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "हो, तेच काम करते मी. लोकांचं ऐकून घेते. पण आता ते ऐकवतात आणि मग जेवतात."

फोन ठेवल्यावर तिनं नाक ओढलं आणि मावशींकडे वळली. "आणि भांडण उद्या. सहावा दिवस उद्या आहे, मी विसरले नाहीये."

"उद्या माझे नळ सुरू होतायत. मी सकाळीच निघणार."

"पळपुटी."

दुसऱ्या दिवशी मावशी गेल्यावर भाचीला टेबलावर उरलेल्या कोऱ्या कार्डांचा गठ्ठा सापडला, दोऱ्यानं बांधलेला. सगळ्यात वरच्या कार्डावर पेन्सिलीनं, त्या जुन्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'मागे काही लिहू नये.'

तिनं ते उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती. पण तिरक्या उजेडात धरल्यावर दिसलं, तिथे आधी काहीतरी लिहून खोडरबरानं पुसलेलं होतं.