पत्र्याला जागा नव्हती

मित्रांनो, मी एक जुना टर्बो आहे. सध्या गॅरेजच्या फळीवर थंडगार बसून असतो. पण तो उतार आठवला की आजही माझी चक्रं धसक्याने थरथरतात.

भट्टीतल्या वितळलेल्या लोखंडातून माझा जन्म झाला. माझी दोन चक्रं एकाच दांड्यावर बसवलेली आहेत. इंजिनाचा तापलेला धूर एक चक्र फिरवतो, त्यासरशी दुसरं बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, जास्त जोर! हे करताना मी तापून लाल होतो, त्याला माझा इलाज नाही. आधी मी एका मालवाहू गाडीत होतो. तिथे जागा ऐसपैस होती. "हा आहे म्हणून चढ चढतो," असं म्हणत चालक बॉनेट थोपटायचा. पुढे ती गाडी भंगारात गेली आणि मी या फळीवर धूळ खात पडलो. कोणी ढुंकूनही बघेना.

मग एकदा मेकॅनिकची मोठी बहीण आपली छोटी गाडी घेऊन आली. ती नर्स, टेकडीपलीकडच्या दवाखान्यात रोज जायची. चढावर गाडी धापा टाकायची.

"ताई, हिला असा दम देतो की बघत राहशील," असं म्हणून मेकॅनिकने मला खाली काढलं. मला कोण आनंद झाला!

पण बॉनेट उघडलं आणि मी हबकलोच. आत मुंगीला शिरायला वाव नव्हता! मेकॅनिकने बॅटरी उचलून डिकीत नेली. हवेचा पाइप वळवत वळवत दिव्यामागून काढला. आणि मला कोंबलं ते थेट ब्रेकच्या तेलाच्या प्लास्टिकच्या डबीशेजारी.

"नाकापेक्षा मोती जड होतोय हा," त्याची बायको म्हणाली. पाइप जोडायचं काम तीच करायची. माझी धग अडवायला तिने एक पत्रा कापून आणला होता, पण तो काही केल्या मध्ये मावेना.

"राहू दे तो. टर्बो बसला ना? मग झालं!"

"अहो, पण ती ब्रेकची डबी..."

"दोन बोटं जागा आहे की मध्ये!"

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पण मला बोलता कुठे येतं?

दुसऱ्या दिवशी ताई गाडी चालवायला बसली, शेजारी मेकॅनिक. चढ आला आणि गाडी सुसाट वर गेली. "अगंबाई, ही माझीच गाडी का?" ताई हसून म्हणाली. मीही फुशारलो. माथ्यावर इंजिन चालूच ठेवून दोघं गप्पा मारत थांबली. गाडी थांबली तसा वाराही थांबला, आणि माझी सगळी धग त्या डबीत शिरली. आतलं तेल उकळायला लागलं; त्यात वाफेचे बुडबुडे झाले की ब्रेकचा जोर चाकांपर्यंत पोचत नाही. देवा रे! ते मी करत होतो, मी!

उतार लागला. ताईने ब्रेक दाबला. घाबरलं की पायाखालची जमीन सरकते म्हणतात. तिच्या पायाखालचा ब्रेकच सरकला. पेडल थेट तळाला!

"अरे, ब्रेक लागत नाहीये!"

"खालचा गिअर टाक! ताई, खालचा!" ओरडत त्याने हँडब्रेक ओढला. गाडी करकरत, घसरत रस्त्याकडेच्या मातीच्या ढिगात घुसली आणि थांबली. मातीपलीकडे दरी होती.

मेकॅनिकने बॉनेट उघडलं. डबी मेणासारखी वाकली होती आणि शेजारी मी लालबुंद.

"मध्ये काहीच आडवं नव्हतं?" ताईने विचारलं.

"पत्रा होता गं. त्याला जागा नव्हती."

ताईने कपाळावरचा घाम पुसला. "बॅटरीला डिकीत जागा केलीस. पाइपला दिव्यामागे केलीस. माझ्याच जिवाला नव्हती का रे?"

गाडी गॅरेजमध्ये ओढून आणल्यावर त्याने सगळ्यात आधी मला बाहेर काढलं.

मित्रांनो, मी परत फळीवर आलो, त्याचं मला वाईट वाटत नाही. तो पत्राही माझ्याशेजारीच ठेवलाय. मला पुन्हा एखाद्या गाडीत जरूर बसवा, पळायला मला फार आवडतं. पण आधी या पत्र्याला जागा करा. आणि उरली, तरच मला.