दोरी बांधलेला दगड

बाग बंद व्हायची घंटा झाली आणि चिहारुच्या तोंडचं पाणी पळालं. बाबा कुठेच दिसत नव्हते. चेरीच्या बहराचा एक फोटो काढायला ती क्षणभर थांबली काय आणि म्हातारा पसार झाला काय.

तामोत्सुबाबांनी जन्मभर आगगाडी चालवली होती. आता डोक्यातलं एकेक स्टेशन पुसलं जात होतं, पाय मात्र वेळापत्रकाला पक्के. बायको गेल्याचं ते रोज विसरत आणि रोज तिला शोधायला निघत. दर ऋतूत ही जुनी सरदारी बाग फिरायची ही नवरा-बायकोची रीत होती, म्हणून आता लेक त्यांना घेऊन येई. तळ्याला वळसा घालायचा, पूल ओलांडायचा, टेकडी चढायची. दर वळणावर नवी बाग दिसावी अशीच ती रचलेली. माणूस हरवला की हीच वळणं वैऱ्यासारखी वागतात.

ती तळ्याकाठाने धावत सुटली. पाण्यात काही तरंगताना दिसलं की थांबून वाकून बघे. ते सापडले चहाघराच्या फाट्यावर. तिथल्या पायदगडावर मुठीएवढा गोटा ठेवलेला होता, काळ्या दोरीने चारी बाजूंनी बांधलेला. इथून पुढे जायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. मांजरसुद्धा ओलांडेल असा तो अडसर, पण बाबा त्याच्यासमोर लाल सिग्नल लागल्यासारखे ताठ उभे होते.

"बाबा! जीव घेता का माझा?"

"हळू बोल गं. आईची शिकवणी चाललीय."

चिहारुला हसावं की रडावं कळेना. आई घरी चहाविधी शिकवायची आणि बाबा ऐन शिकवणीत "माझे मोजे कुठायत?" करत आत घुसायचे. वैतागून आईने बोळात असाच दगड ठेवायला सुरुवात केली. दगड बांधायचाही बाबांनीच, आई हसून म्हणायची, "कैद्यानेच स्वतःची बेडी घडवायची." ज्याने ठेवला त्यानेच उचलायचा, हा तिचा नियम. तो बाबांनी कधी मोडला नव्हता.

जूनमध्ये बागेत आयरिस फुलली आणि त्याच आठवड्यात बाबा रेल्वेच्या रुळांवर सापडले. गाडी जेमतेम थांबली. रात्री ओसाकाहून थोरल्या भावाचा फोन आला.

"बास झालं, चिहारु. मी वृद्धाश्रमात नाव घालतोय."

"तिथे चार दिवसांत मिटतील रे ते. मला एक संधी दे."

"एकच. परत हरवले तर मी तुझं काही ऐकणार नाही."

माशाच्या वड्यांच्या कारखान्यात दिवसभर उभं राहायचं आणि मन घरी ठेवायचं, तिच्या नाकी नऊ आले होते. दाराला बाहेरून कुलूप घालायचं तिने ठरवलं, तर शेजारच्या मुतोकाकू अंगावर आल्या.

"कुलूप? अगं, आग लागली तर? कोंबडी आहेत का ते खुराड्यातली?"

मग तिला तो दगड आठवला. दगडाने काही दार अडत नाही, असं तिने स्वतःला समजावलं. अंगणातला एक गोटा घेतला, सामानाच्या सुतळीने कसाबसा आवळला, बुटाच्या नाडीसारखी गाठ मारली आणि कामावर जाताना उंबऱ्यात ठेवला. संध्याकाळी बाबा घरातच होते. दुसऱ्या दिवशीही होते. तिचा जीव भांड्यात पडला.

शरदात ती त्यांना लाल मेपल बघायला घेऊन गेली. पुलावर दगड नव्हता, काही नव्हतं, तरी बाबा थबकले.

"जाऊ का पुढे?"

जूनपर्यंत जो माणूस आवरता आवरत नव्हता, तो आता पूल ओलांडायला परवानगी मागत होता. तिला स्वतःची शरम वाटली. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "शिकवणी कधी गं संपणार?"

"संपेल हं, बाबा," ती म्हणाली, आणि सकाळी दगड पुन्हा उंबऱ्यात ठेवला.

हिवाळ्यात बागेतल्या पाइनच्या फांद्या बर्फाने मोडू नयेत म्हणून वरून दोऱ्यांनी तोलून धरतात. रविवारी ते बघायला जायचं ठरलं होतं. शुक्रवारी दुपारी भूकंप झाला.

हादरे थांबले तशी चिहारु ॲप्रनसकट पळत सुटली. रस्त्यावर कौलांचा खच होता. गल्लीच्या तोंडाशीच धूर दिसला. घराला लागून असलेल्या शेवयावाल्याकडे रॉकेलची शेगडी उलटली होती आणि ज्वाळा चिहारुच्या छपराला चाटत होत्या. दार सताड उघडं. आत बाबा, कोट-बूट घालून, खोकत उभे.

"बाहेर येईनात गं!" मुतोकाकू किंचाळल्या. "दगड दगड करतायत. मी तो उचलून फेकला, तर परत आणून ठेवला आणि आत जाऊन उभे राहिले!"

टपालवाल्याने त्यांचा दंड धरून ओढलं होतं, पण बाबांनी खांबाला मिठी घातली होती. "ज्याने ठेवला त्याला बोलवा," एवढंच ते म्हणत होते. मागे छपराचा एक तुकडा कोसळला.

चिहारु उंबऱ्याशी गुडघ्यांवर पडली आणि तिने दगड उचलला. "संपली बाबा, शिकवणी संपली. या!"

बाबांनी खांब सोडला आणि एरवी गाडीतून उतरत तसे, आधी उजवं पाऊल टाकत, बाहेर आले. दोघं गल्ली ओलांडतायत तोवर दार धुरात दिसेनासं झालं.

आगीच्या वेळी वस्तीने बागेत जमायचं असतं. तळ्याकाठी माणसं घोंगड्या पांघरून बसली होती. चिहारुच्या हातात अजून तो दगड होता. तिने मूठ उघडली आणि बघतच राहिली. सुतळी तिचीच होती, पण नाडीची गाठ कुठेच नव्हती. चारी पदर सरळ, घट्ट, वर उचलायला फासा. आईच्या दगडांसारखा.

"बाबा, ही गाठ कोणी मारली?"

"मी. तुझी सैल होती. दोनदा सुटून दोरी गळून पडली."

"सुटली होती? मग तुम्ही गेला का नाहीत?"

बाबांनी जरा विचार केला. "तू ठेवला होतास ना," ते म्हणाले.

चिहारु ओक्साबोक्शी रडू लागली. बाबा ओशाळले, तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, मग पुलाकडे बघून विचारू लागले, "आई पुढे गेली असेल. जाऊ का?"

"जा बाबा," ती म्हणाली. "मी येते मागून."