पायानं दाबायचा झाडू

विरुपाक्ष सरांनी आजवर जेवढे ब्रश शोधून काढले, त्यातल्या एकानंही कधी धड केर निघाला नाही, हे शिवबाई शपथेवर सांगायला तयार होती. कारण ते सगळे तिच्याच हातानं तपासून झाले होते. होटगी रोडच्या पुढं माळावर जे इंजिनिअरिंग कॉलेज आहे, तिथं ती चोवीस वर्षं झाडत होती. विरुपाक्ष सर सहा वर्षं शिकवत होते, निदान पोरं तसं म्हणत. शिवबाईनं त्यांना शिकवताना कधी पाहिलं नव्हतं. वर्कशॉपमध्ये प्लास्टिक कापत बसलेले मात्र रोज दिसायचे.

पहिल्यांदा त्यांनी पंखा पुसायचा ब्रश काढला. चिमट्यासारखा, पात्याला वरून-खालून धरणारा. त्यानं धूळ निघाली आणि पातंही वाकलं. मग कपाटाखालचं झाडायला पुढं बॅटरी लावलेला ब्रश आला. आता कपाटाखाली धूळ असते हे कळायला उजेड कशाला लागतो? ती काय नवरी आहे, तोंड बघायला? त्यानंतर संडास घासायचा स्प्रिंगचा ब्रश. त्याबद्दल एवढंच, की त्या दिवशी शिवबाई घरी जाऊन दोनदा न्हाली. प्रत्येक ब्रशचा फोटो निघाला, प्रत्येकाचं सर्टिफिकेट सरांच्या केबिनबाहेर लागलं आणि कॉलेज झाडलं गेलं ते जुन्याच झाडूनं. रोग रेड्याला अन् औषध पखालीला, असा सगळा कारभार.

पण या वेळचं प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

नव्या झाडूचं नाव 'कंबरसखी'. छातीपर्यंत येणारी दांडी, खाली प्लास्टिकच्या काड्यांचा झाडू, त्याला मागून जोडलेली सुपली. केर गोळा झाला की झाडूच्या डोक्यावरची पट्टी पायानं दाबायची. केर आपोआप सुपलीत जातो आणि झाकण बसतं. वाकायचं काम नाही. सर हे प्राचार्यांना समजावत होते तेव्हा शिवबाई तिथंच खिडकी पुसत होती. बोलणं इंग्रजीत चाललं होतं, पण 'एट' आणि 'थ्री' तिला कळत होतं. घरी नात बालवाडीतलं तेच घोकायची. आठ बायकांचं काम तीन बायकांत! बाकीचं ऑफिसातल्या पोरांकडून कळलं: महिन्याभरानं कॉलेजात घरकामाच्या नव्या साधनांची स्पर्धा होणार, तिला पुण्याहून परीक्षक येणार, त्यांनी पसंती दिली की कॉलेज असे झाडू घेणार आणि पाच जणींना घरी बसवणार.

पाचांत पहिली कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता. शिवबाईची सून सुकन्या आठ महिन्यांपूर्वीच तिथं कामाला लागली होती. शिवबाईचा मुलगा भारत हंगामापुरता श्रीपूरच्या साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचा. उरलेलं वर्ष घर चालायचं ते या दोघींवर. सुकन्याची नोकरी गेली तर एकटीच्या मोडक्या कमरेवर पाच माणसं पोसायची होती.

आणि तपासणीला सरांनी बोलावलं कुणाला? शिवबाईलाच.

तिनं दोन हात मारले, केर गोळा केला, पट्टीवर पाय ठेवला. झाकण खटकन बसलं. लगेच ती खाली वाकली, झाडूला हात लावला आणि तो डोळ्यांना लावला.

"हे काय, मावशी?"

"पाय लागला की, सर."

"लागला नाही, लावायचाच आहे! पुन्हा करा."

तिनं पुन्हा केलं. पुन्हा वाकली. सरांनी वहीवर रेघा ओढायला सुरुवात केली. वीस वेळा पट्टी दाबली, वीस वेळा कंबर वाकली. जुन्या झाडूनं तेवढ्या केराला ती आठदा वाकली असती.

सरांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. "अहो, हे प्लास्टिक आहे! लक्ष्मी-बिक्ष्मी काही नाही यात!"

"झाडूच हाय न्हवं?"

"हो, पण..."

"मग झालं तर."

तिनं हे मुद्दाम केलं का? पहिल्या खेपेला नाही. हात आपसूक गेला होता. नंतरच्या एकोणीस खेपांना मात्र तिला आतून गुदगुल्या होत होत्या, हे कबूल करायला पाहिजे. एवढा शिकलेला माणूस, आणि झाडूवर पाय ठेवायला सांगतो! याच्या घरात दिवाळीला झाडूला हळदकुंकू लावत नाहीत का? का तेव्हा हा सर्टिफिकेटाला लावतो?

पण दीडशहाणा असला तरी तो हार मानणारा नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यानं सुकन्याला बोलावलं. बारावी पास, तरुण पोरगी. दोन्ही हात दांडीवरून काढायचे नाहीत, एवढंच तिला बजावलं. स्पर्धेत तीच झाडू चालवून दाखवणार होती, कॉलेजचं नाव लिहिलेला निळा टी-शर्ट घालून.

संध्याकाळी शिवबाईनं चुलीपुढं भाकरी थापता थापता विचारलं, "दाबलास पायानं?"

"व्हय."

"अन् नमस्कार?"

"सरांनी नको म्हनलं, आत्ती."

"सरांनी हिरीत उडी मार म्हनलं तर मारशील?"

"मला पर्मनंट करतो म्हनले."

"लिवून दिलंय?"

सुकन्यानं चुलीत लाकूड सारलं. शिवबाईनं तव्यावर भाकरी अशी आपटली की पीठ उडालं. स्वतःचीच नोकरी घालवायचं यंत्र ही पोरगी स्वतःच चालवून दाखवणार, तेही टी-शर्ट घालून, हसत! अक्कल गहाण टाकावी तर किती! लाज नाही ती नाही, वर झाडूला पाय लावून नमस्कारही न केलेल्या हातांनी भाकरी खाते. त्या रात्रीपासून शिवबाई सुनेशी कामापुरतंच बोलू लागली, तेही टोचून.

स्पर्धेच्या दिवशी सेमिनार हॉलमध्ये पोरांची ही गर्दी. कुणी बाटल्या धुवायचा फिरता ब्रश आणला होता, कुणी हातमोज्यालाच काथ्या चिकटवला होता. पुण्याहून आलेल्या परीक्षक प्रियदर्शनी मॅडम केस बारीक कापलेल्या, जीन्स घातलेल्या, आणि प्रत्येकाला एकच गोष्ट विचारत होत्या: हे घरात कोण वापरणार? निम्मी पोरं तिथंच अडकत होती. शिवबाई दाराशी बादली घेऊन उभी होती आणि तिला बाई पहिल्या नजरेतच पटल्या.

विरुपाक्ष सरांची पाळी आली. फरशीवर मुद्दाम चुरमुरे सांडले. सुकन्यानं दोन्ही हातांनी दांडी धरली, झाडलं, पट्टी दाबली. खटक. पुन्हा झाडलं, पुन्हा खटक. पाठ ताठ, नजर समोर. जरा म्हणून वाकली नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. प्राचार्यांनी मान डोलावली. शिवबाईनं बादली खाली ठेवली. संपलं, तिला वाटलं. या बावळटानं जिंकलं, आणि जिंकवलं ते आपल्याच घरच्या माणसानं.

प्रियदर्शनी मॅडमनी विचारलं, "सर, तुम्ही स्वतः यानं किती दिवस झाडलंय?"

"मी? म्हणजे... युजर टेस्टिंग भरपूर केलंय."

"तुम्ही स्वतः?"

"मला तशी वेळ..."

"आता आहे की वेळ. झाडा."

हॉलमध्ये खसखस पिकली. सर हसले, दांडी हातात घेतली. ती घेतली तेव्हाच कळलं, की या माणसानं जन्मात झाडू धरलेला नाही. काठीनं कुत्रं हाकलावं तसा तो चुरमुरे हाकलत होता. अर्धे पोरांच्या पायांत गेले. कसेबसे मूठभर गोळा झाले. मग त्यांनी बूट उचलला आणि पट्टी दाबली.

खटक.

आणि विरुपाक्ष सर वाकले. भर हॉलमध्ये, टाय लोंबत असताना. उजव्या हाताची बोटं झाडूला लागली, तिथून डोळ्यांकडं गेली. सरळ उभे राहिले आणि दुसरा ढीग गोळा करायला लागले. आपण काय केलं, हे त्यांना कळलंच नव्हतं! सगळा हॉल हसायला लागला तेव्हा ते आधी मागं वळून बघत होते, हसण्यासारखं कोण आलं म्हणून. मग त्यांची नजर स्वतःच्या हाताकडं गेली.

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या आईनं शिकवलं असेल."

"हो," सर पुटपुटले.

"मग हा झाडू वापरणाऱ्या बायकांना काय आया नव्हत्या?"

शिवबाईला वाटलं होतं, हा माणूस असा तोंडावर पडलेला बघून आपल्या मनात लाडू फुटतील. फुटले, खोटं का बोला! चांगले दोन-चार फुटले. चोवीस वर्षांत एवढी करमणूक झाली नव्हती.

प्राचार्यांनी घसा साफ केला आणि सांगितलं की वाकणं चुकणार नसेल तर झाडू घेण्याचा विचार रद्द. सगळ्या जणी आहेत तशा राहतील. मॅडमनी वहीत शून्य मांडलं की काय ते लांबून दिसलं नाही, पण पेन एकदाच हललं.

हॉल रिकामा झाला. सर केव्हाच निघून गेले होते; कंबरसखी भिंतीला टेकवून तशीच सोडली होती. शिवबाई सुनेला फैलावर घ्यायला वळली. बोलायचं सगळं जिभेवर तयार होतं: बघितलंस, ज्यानं काढला त्यालाच न वाकता जमलं नाही, अन् तुला जमलं! लाजलज्जा कशाशी खातात ते...

सुकन्या फरशीवर गुडघे टेकून बसली होती. तो झाडू तिनं आडवा ठेवला होता आणि त्याच्यावर डोकं टेकलं होतं. उठेचना.

"काय गं?"

"एकशे चाळीस," ती खालूनच म्हणाली. "तालमीतलं धरून एकशे चाळीस येळा पाय लावला, आत्ती. रोज मोजत हुते. पर्मनंट झाले की एकदमच पाया पडायचं ठरवलं हुतं. आता काय, पर्मनंट न्हाय न् काय न्हाय."

शिवबाई महिनाभर या पोरीला नाही नाही ते बोलली होती, मनात आणि तोंडावरही. ती तिच्याशेजारी बसली, कमरेतून कळ आली तरी बसली, आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"एकशे चाळीस लई हुत्यात," ती म्हणाली. "निम्मे मी करते."