पाच वाजेपर्यंत मास्तर

शर्टांच्या त्या कारखान्यात सगळे त्यांना मावशी म्हणत. आज मावशी निवृत्त होत होत्या आणि निरोपाच्या भाषणात मालक असे गहिवरले होते, की मगरीनेही त्यांच्याकडे शिकवणी लावावी.

"मावशींना आम्ही केव्हाच कटिंग मास्तर करणार होतो," ते म्हणाले. "दरवर्षी करणार होतो. पण राहून गेलं."

राहून कसलं जातंय! मास्तरच्या खुर्चीत मालकांचा मेहुणा बसवला होता. त्याला कापडाची उलट-सुलट बाजूही कळत नव्हती. कापड बेतायचं मावशींनी, कापायचं मावशींनी, शाबासकी खायची त्याने. मावशींना जन्मभर तेवढं एकच पद हवं होतं, आणि ते आता भाषणात मिळत होतं.

त्या उठल्या. "करणार होतात ना, मालक?"

"म्हणजे काय! शंभर टक्के!"

"मग करा. मी पाचला सुटते. आत्ताशी चार वाजलेत."

शिवणाऱ्या बायकांनी टेबलं बडवायला सुरुवात केली. मालक हसले, घाम पुसला, पुन्हा हसले. एवढ्या जणींसमोर नाही म्हणायला तोंड कुठलं?

"बरं बाई, झालात मास्तर!" म्हातारी आता खूश होऊन घरी जाईल, असं त्यांना वाटलं.

मावशींनी बाह्या सरसावल्या. "मेहुणेबुवा, उठा. टेबलाखालच्या चिंध्या गोळा करा."

मेहुण्याने मालकांकडे पाहिलं. मालक पंखा न्याहाळत होते.

"आणि पोत्यात नीट दाबून भरा," मावशी म्हणाल्या. "मास्तर बघतेय."