अर्धाच पास झालेला लेख

धाडच्या उकंडरावांनी जन्मभर कीर्तनं ऐकली, आणि बोलायची तीच तऱ्हा त्यांच्या अंगात मुरली. बुवा आधी विरोधकाचा आक्षेप उचलतात. तो असा रंगवतात की ऐकणाऱ्याला वाटावं, आता देव हरला! आणि मग उत्तरार्धात त्याच आक्षेपाच्या चिंध्या करतात. ते ऐकताना उकंडरावांचे डोळे भरून यायचे.

बीटी कपाशीवरचा लेख त्यांनी तसाच लिहिला. आधी बियाण्याची आरतीच ओवाळली: अळी नाही, फवारणी कमी, झाडाला बोंडंच बोंडं. मग खरं सांगितलं, की आपल्या कोरडवाहू, हलक्या रानात हीच कपाशी लाल्या रोगानं करपते. तिथं लावू नका.

पेरणीआधी हे लोकांपर्यंत पोचावं, एवढीच त्यांची तळमळ. पेपरवाल्यानं लेख घेतला नाही. त्याची पानं बियाण्याच्या जाहिरातींनी भरलेली. म्हणून ते फहीमच्या इंटरनेटच्या दुकानात गेले.

"काका, टेन्शन नका घेऊ," फहीम म्हणाला. "लेख जमा करणाऱ्या साइटा असतात. तिथं पास झाला की कोणीबी उचलून छापू शकते, फक्त लेखकाचं नाव ठेवा लागते. म्या वजन घटवाचे लेख पास करून घेतले, अन् माहं पोट पाहा!"

त्यानं लेखाचं इंग्रजी केलं. साइटवाल्यांनी परत पाठवला: फार लांब आहे. फहीमनं दोन भाग केले. पहिला लगेच पास झाला. दुसरा परत आला: मालाची बदनामी चालत नाही. शब्द मऊ केले, मथळा बदलला. तरी परत.

"एक तं लागला ना?" उकंडराव हरखले होते. "देवाची कृपा. दुसरा येईन मागून. लोकं थांबतीन."

लोक थांबले नाहीत. बियाण्याच्या दुकानदारानं पहिला भाग मराठीत उतरवून त्याची पत्रकं आठवडी बाजारात वाटली. खाली ठळक नाव: उकंडराव, धाड.

"काढ बे ते!" उकंडराव फहीमवर ओरडले.

"साइटवरून काढतो, काका. पण गावभर गेलेले कागद म्या कसे काढू?"

उकंडराव वावरावावरानं फिरले. कुणी हसलं, कुणी मान हलवून कामाला लागलं. शेवटी ते शेजारच्या गोजरबाईच्या रानात पोचले. एकटी बाई, मुरमाड रान. ओटीत सरकी घेऊन एकेक बी मातीत टोबत होती.

"गोजरबाई, थांब. हे बियाणं आपल्या रानाचं नाही."

"काऊन मस्करी करता, भाऊ? तुमचं नाव वाचूनच तं आणलं."

"तो अर्धाच लेख होता वं. म्या आधी बियाण्याची बाजू मांडली, कीर्तनात मांडतात तशी. खरी गोष्ट मागून होती."

तिनं बांधापलीकडे त्यांच्या वावराकडे पाहिलं.

"तुम्ही काय पेरलं?"

"तूर."

"सोताले तूर, अन् लोकायले कपाशी."

"देवाशपथ, गोजरबाई..."

"देवाले कायले मधात आणता? कीर्तनं म्याही लय आयकली, भाऊ," ती म्हणाली. "आक्षेप मांडून बुवा घरी निघून गेला, असं कधी पाह्यलं नाही."

आणि ती वाकून पुढचं बी टोबू लागली.