युलालियाचा आवाज

बुधवारी चार वाजता युलालिया स्ट्रॉबेरीच्या शेतावरून परतली, तेव्हा जेवणाच्या टेबलावर तिच्या नावाचं पाकीट पडलं होतं. फोडलेलं. ऑक्सनार्ड गावातल्या त्या घरात याचं कुणालाच काही वाटत नसे. दोन वर्षांपूर्वी नवरा सेवेरो गेला, तेव्हापासून ती थोरल्या दिराकडे राहत होती. विधवेची पत्रं कर्त्या पुरुषानं उघडायची, तिचा फोनही त्याच्याच नावावर ठेवायचा, अशी रीत होती. बिचारीला त्रास नको म्हणून करतो, असं सगळे सांगत, आणि सांगता सांगता तिचं नाव घरातून पुसलं जाई.

"बस," दीर फर्मिन म्हणाला. "तुमच्या त्या अंत्यविधीच्या खर्चाच्या विम्याच्या कंपनीवर खटला झाला. लोकांना न सांगता त्यांचं फोनवरचं बोलणं रेकॉर्ड करत होते. आता ज्यांनी ज्यांनी फोन केला, त्यांना भरपाई मिळणार. फॉर्म मी भरून ठेवलाय."

युलालियानं नुकतीच उचललेली तोर्तिया, मक्याची पोळी, हातातच राहिली.

सेवेरोच्या दफनाच्या दुसऱ्या दिवशी तिनं त्या कंपनीला फोन लावला होता. पलीकडे ग्रासिएला नावाची मऊ आवाजाची बाई होती. कागदपत्रांचं विचारता विचारता ती म्हणाली होती, "रडा, बाई. इथं आपण दोघीच आहोत." आणि पाद्रीबाबांनाही जे सांगितलं नव्हतं, ते युलालियानं तिला सांगितलं होतं. तेव्हापासून दर रविवारी चर्चमध्ये ती त्या अनोळखी बाईच्या नावानं एक मेणबत्ती लावत होती.

"दोघीच," ती स्वतःशी म्हणाली. मग तिनं विचारलं, "भाऊजी, सही कुणाची आहे?"

"माझी. नंबर माझ्या नावावर आहे."

तिनं फॉर्म ओढून घेतला आणि बोट ठेवून वाचला. फोनवर मी स्वतः बोललो, रेकॉर्डिंगची मला कल्पना दिली नव्हती, हे शपथेवर सांगतो, असं त्यात होतं.

"तुम्ही बोलला होतात?"

"अगं, कोर्टात उभं केल्यासारखं काय विचारतेस?" जाऊ आम्पारो शेगडीपासून म्हणाली. "घरातलं घरातच राहतंय ना?"

फर्मिननं पत्र पुढं सरकवलं. "चाळीस मिनिटं बोलणं झालं, असं लिहिलंय. एका कागदाच्या चौकशीला चाळीस मिनिटं? जास्त ताणू नकोस. ते रेकॉर्डिंग मागवता येतं म्हणे."

युलालियानं तोर्तिया ताटात ठेवली. मग खुर्ची ओढून त्याच्या समोर बसली.

"मागवायला कशाला हवं? मीच सांगते. शेवटच्या महिन्यात सेवेरोला मीच उचलायची, मीच धुवायची. एका पहाटे मी देवाला म्हटलं, आता याला ने, मी थकले. त्याच आठवड्यात तो गेला. मला वाटलं, मीच मारलं त्याला. हे कुणाला सांगणार होते? तुम्ही दारातूनच 'कसा आहे' विचारायचात आणि कामावर जायचात."

आम्पारोनं शेगडी बंद केली. तव्यावरची तोर्तिया करपली होती.

"तुला घरात ठेवली ती आम्हीच," फर्मिन म्हणाला. आवाज मात्र खाली आला होता.

"ठेवलीत. मी नाकारत नाही. पण कंपनीनं माझं बोलणं चोरलं, आणि आता तुम्ही म्हणता ते तुमचंच होतं. अशी शपथ मी घेऊ देणार नाही."

तिनं फॉर्म मधोमध फाडला आणि पत्रावरचा नंबर लावला. आधी यंत्राचा आवाज आला: हे बोलणं रेकॉर्ड केलं जाईल. मग एक माणूस बोलू लागला.

"या खेपेला आधी सांगितलंत, बरं केलंत," युलालिया म्हणाली. "आता नीट टिपून घ्या. माझं नाव युलालिया सांतियागो. तो फोन मी केला होता. मला कोरा फॉर्म पाठवा. आणि पाकिटावर लिहा, माझ्याशिवाय कुणी उघडू नये."

फर्मिन मान खाली घालून फॉर्मचे तुकडे गोळा करत होता.

आपल्याही घरात एखादं फोडलेलं पाकीट पडलेलं असेल. त्यावर नाव कुणाचं आहे, तेवढं एकदा वाचून पाहावं.