हाड म्हटलं की

आनंदराजच्या घरात एक शब्द बंद होता. लाईट गेली किंवा ऐन वेळी गॅस संपला की एखादी शिवी कुणाच्याही तोंडून निसटायची, ती कुणी मनावर घ्यायचं नाही. पण ‘हाड’ म्हणायचं नाही म्हणजे नाही. दारात कुत्रं येवो की गाय येवो, ‘जा बाबा पुढं’ म्हणायचं, टाळी वाजवायची, फार तर पाणी शिंपडायचं. हा कायदा त्याच्या आईचा, धुरपताबाईचा, आणि तिच्या कायद्याला अपील नव्हतं.

कारण तिने एकदाच सांगितलं होतं, तेही भाकरी थापता थापता. “माझ्या सासऱ्याला पाटलाच्या दारात हाड म्हणायचे. माणसाला. त्यो जरा मागं सरायचा आन् तिथंच उभा ऱ्हायचा. माझ्या दारात कुत्र्याला बी कुणी म्हणायचं न्हाई.” आनंदराज तेव्हा शाळेत होता. पुढे तो लोह्याजवळचं गाव सोडून नांदेडला आला, रेल्वेच्या कचेरीत लागला, लग्न झालं, तरोड्याकडे दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. आई राहायला आली, तिच्याबरोबर कायदाही आला.

मुलगी महामाया मात्र या फ्लॅटमध्येच वाढलेली. पाटलाची गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती, असल्या गोष्टी लेकरांना कशाला सांगायच्या म्हणून. रस्त्यावर तिने तो शब्द ऐकला असेल, पण रस्त्यावर काय काय ऐकू येतं. घरात नाही म्हणजे तिच्या जिभेवर नाही. तिच्या लेखी हाड म्हणजे विज्ञानाच्या पुस्तकातलं, मांडीचं सगळ्यात लांब असतं ते.

म्हणून पुढे जे झालं त्यात दोष नेमका कुणाचा, हे आनंदराजला काही केल्या ठरवता आलं नाही.

खाऱ्या इमारतीच्या पार्किंगमध्ये सापडला तेव्हा तळहातावर मावत होता. रंग चहात बुडवायच्या खारीचा, म्हणून खाऱ्या. धुरपताबाईने त्याला मांडीवर घेतलं आणि ठेवायचं की नाही हा प्रश्न तिथेच मिटला. आनंदराजच्या बायकोने, विशाखाने, काही दिवस नाराज राहून पाहिलं, पण दूध कोमट करून तीच द्यायची. महामायाने वजिराबादेच्या बाजारातून त्याच्यासाठी रबराचं हाड आणलं आणि गच्चीवर शिकवणी सुरू झाली. ती ते उंच धरायची, “हाड!” म्हणून ओरडायची आणि लांब फेकायची.

त्या शब्दावर खाऱ्याला कोण आनंद व्हायचा! शेपटी हलायची म्हणणं कमीच, कमरेपासून मागचं अख्खं कुत्रं हलायचं. पुढचे पाय पसरून, ढुंगण वर करून तो भुंकायला लागायचा. फेकेपर्यंत भुंकायचा, धावताना भुंकायचा, पाण्याच्या टाकीमागे शोधताना भुंकायचा. मग एकदम शांत. शांत झाला की समजायचं, सापडलं, कारण तोंडात हाड धरून भुंकता येत नाही. तेवढीच काय ती इमारतीला विश्रांती. ते पायाशी आणून ठेवलं की पुन्हा सुरू. धुरपताबाई खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची. “पोरीनं त्या शब्दाचं सोनं केलं बघ,” असं ती एकदा लेकाला म्हणाली.

अडचण एवढीच, की तो शब्द एकट्या महामायाचा नव्हता. अख्खा मुलूख कुत्र्याला तेच म्हणतो.

दूधवाला पहिल्यांदा म्हणाला, “हाड!” खाऱ्याला वाटलं, अरे, याच्याकडंही आहे. त्याने झेप घेतली, दोन पाय दूधवाल्याच्या पोटावर टेकवले आणि तोंडावर भुंकून भुंकून मागणी केली. दूधवाला जितका जोरात हाड म्हणे, तितका खाऱ्याला हुरूप येई. मग पेपरवाला, मग कुरिअरवाला, मग पाण्याचे जार आणणारा. सगळ्यांचं एकच मत झालं, की हे कुत्रं उलट्या काळजाचं आहे, हाकललं की अंगावर येतं. खाऱ्याने कधी कुणाला दात लावला नव्हता. पण हे सांगायचं कुणाला? अंगावर झेपावणाऱ्या कुत्र्याच्या मनात माया आहे की काय, याचा विचार करायला माणसाला सवड नसते.

उपाय काही कमी केले नाहीत. विशाखाने मोबाईलवर बघून ठेवलं, की भुंकला की पाठ फिरवायची. त्या संध्याकाळी अख्खं कुटुंब गच्चीवर पाठमोरं उभं राहिलं, शेजारची इमारत बघून राहिली, आणि खाऱ्याने प्रत्येकाच्या पुढ्यात जाऊन, हा खेळ तर आणखीच झकास, असं भुंकून सांगितलं. शब्द बदलून पाहिला, ‘हाड’ऐवजी ‘घे’. तो ‘घे’ शिकला, ‘हाड’ विसरला नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, “राग असता तर मोडता आला असता. हा तर आनंद आहे. वेळ लागेल.” आनंदराज घरी येताना विचार करत होता, की घरातला शब्द बदलेल एक वेळ, पण बाहेरच्यांच्या तोंडातला कोण बदलणार?

खालच्या मजल्यावर शरणम्मा राहायच्या. मूळच्या देगलूरच्या, धुरपताबाईच्याच वयाच्या, दोघींचं मेतकूट. खाऱ्याचा त्यांना राग नव्हता, नुसती भीती होती. एका सकाळी त्या गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन उतरत होत्या आणि आनंदराज खाऱ्याला फिरवून जिना चढत होता. साखळी त्याच्या हातात होती. शरणम्मांनी कपडे छातीशी आवळले आणि घाबरून म्हणाल्या, “हाड! हाड!”

एकदा म्हणाल्या असत्या तर साखळी कदाचित धरवली असती. दोनदा म्हटल्यावर खाऱ्याच्या अंगात काय शिरलं कोण जाणे, साखळी बोटांतून सटकली, तो भुंकत वर गेला, शरणम्मा मागे सरल्या, पाय पातळात अडकला आणि त्या कलून पायरीवर आदळल्या. खाऱ्या त्यांच्याभोवती नाचत होता. पडलेल्या कपड्यांत तो हाड शोधत होता.

दुपारी दवाखान्यातून शरणम्मांच्या मुलाचा, शिवमूर्तीचा, फोन आला. आनंदराजने ऐकलं आणि घरच्यांकडे वळून म्हणाला, “खुब्याचं हाड मोडलं.”

खाऱ्या कॉटखाली गेला आणि रबराचं हाड तोंडात धरून त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. कुणी हसलं नाही. महामायाने ते काढून घेतलं आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावलं.

शिवमूर्ती दुसऱ्या दिवशी वर आला. बसला, पाणी प्याला. “काका, तुम्ही चांगली माणसं हाव. मी तक्रार करणार न्हाई, कुणापाशी बोलणार बी न्हाई. पण अव्वा घरी येईल तवा हे कुत्रं इथं नको. तिला लई भ्या बसलंय.” आनंदराजला वाटत होतं, याने आवाज चढवावा, चार शब्द बोलावेत. भांडणाला काही तरी उत्तर देता येतं. या बोलण्यावर त्याने मान हलवली, आणि त्याला स्वतःची भयंकर कीव आली.

कुठे न्यायचं? नांदेडच्या रस्त्यावर सोडला तर तिथेही माणसंच. शेवटी लोह्याजवळ थोरल्या भावाच्या, लिंबाजीच्या, शेतातल्या आखाड्यावर, गोठा-खोपटापाशी, ठेवायचं ठरलं. तिथे मोकळं रान, भुंकलं तरी ऐकायला तूर आणि हरभरा.

निघताना महामाया रडली नाही, बजावत राहिली. “बाबा, काकाला नीट सांगा. हाड म्हटलं तर फेकावंच लागतं. नुसतं म्हणायचं न्हाई, त्याला समजत न्हाई. आन् काठी हातात घेऊन तर कुणीच म्हणायचं न्हाई.” विशाखा तिला आत घेऊन गेली. धुरपताबाईने खाऱ्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. “लिंबाजीला सांग, तिथं कुणी—” एवढं म्हणाली आणि थांबली. मग तीच म्हणाली, “गावाला कुणी सांगावं?” ती त्या गावाला ओळखून होती.

खाऱ्याला स्कूटीवर बसायची सवय होती. पायठाणावर, आनंदराजच्या दोन गुडघ्यांमध्ये बसून तो लोह्यापर्यंत वारा खात आला. त्याच्या मते ही सहल होती.

लिंबाजीने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. “खुळा झालास का आनंदा? कुत्र्याला हाड म्हणू नका म्हणून गावात दवंडी देऊ?”

“दादा, तू तरी म्हणू नको.”

“मी न्हाई म्हणत. मायच्या धाकात मी बी वाढलोय. पण वाटंनं जाणारं-येणारं?”

जाणारं-येणारं लगेचच आलं. शेजारच्या शेतातला एक माणूस पाणी न्यायला आखाड्यावर आला, नवीन कुत्रं बघून त्याने सवयीने काठी उगारली आणि म्हणाला, “हाड!” खाऱ्या भुंकत, लोळण घेत, आनंदाने वेडा होत थेट काठीखाली गेला. लिंबाजीने वेळेवर गळपट्टा धरला. “बांधून ठेवा हो,” माणूस जाता जाता म्हणाला, “न्हाईतर एखाद्या दिवशी टकुऱ्यात दगड बसंल.” तो वाईट माणूस नव्हता. काळजीनेच म्हणत होता.

आनंदराजने खाऱ्याला स्वतःच्या हाताने कडुलिंबाच्या झाडाला दाव्याने बांधलं. पुढ्यात रबराचं हाड ठेवलं, भाकरी ठेवली, आणि मागे न बघता स्कूटी काढली. चहाला थांबला असता तर निघवलं नसतं.

पांदणीच्या कच्च्या वाटेने तो मोठ्या रस्त्याजवळ आला तेव्हा आरशात खारीच्या रंगाचं काही तरी हललं. गळ्यात अर्धवट कुरतडलेलं दावं, जीभ बाहेर. खाऱ्या येत होता.

आनंदराजने गाडी थांबवली. पुढे ट्रकमागून ट्रक चालले होते. खाऱ्या इथून पुढे आला तर कुठल्या तरी चाकाखाली जाणार, हे लख्ख दिसत होतं. आखाड्यावर परत नेऊन सोडला तर दावं पुन्हा कुरतडणार, हेही दिसत होतं. त्याला इथूनच माघारी धाडायला हवं होतं, मागे यायचं नाही हे त्याला कळेल असं.

“जा बाबा. घरी जा.”

घरी म्हटल्यावर खाऱ्या उडी मारून पायठाणावर चढला आणि नेहमीच्या जागी, पुढे तोंड करून बसला.

आनंदराजने त्याला उचलून खाली ठेवलं. टाळी वाजवली, खाऱ्याने कान टवकारले. डिकीतली बाटली काढून पाणी शिंपडलं, खाऱ्याने नाक चाटलं. हाकलायच्या घरातल्या रीती तेवढ्याच होत्या, त्या संपल्या. मागून कुणी येत नव्हतं, पुढे कुणी थांबत नव्हतं, आणि काय करावं हे सांगणारं कुणी नव्हतं.

तेव्हा त्याच्या तोंडून तो शब्द गेला.

“हाड!”

जन्मात पहिल्यांदा. आणि अडखळला नाही, घशात राहिला नाही, इतकी वर्षं आत तयारच बसल्यासारखा खणखणीत निघाला. कुणाच्या दारात तो असाच निघत असेल हे त्याच्या मनात येऊन गेलं आणि त्याला स्वतःच्या आवाजाची शिसारी आली. खाऱ्याला कसली शिसारी! पुढचे पाय पसरून, ढुंगण वर करून तो भुंकायला लागला. घरातल्या या एका माणसाने आजवर कधी हा खेळ खेळला नव्हता. आज तोही खेळत होता.

आनंदराज वाकला आणि दगड उचलला. माणूस नुसता वाकला तरी जगातलं कुठलंही कुत्रं पळतं. खाऱ्या आणखी जवळ सरकला. दगड त्याच्या अंगावर मारणं आनंदराजला मरेपर्यंत जमलं नसतं. त्याने तो बाजूला भिरकावला. खाऱ्या भुंकत गेला, गप्प झाला, आला आणि ओला दगड त्याच्या बुटाशी ठेवून वर बघत पुन्हा भुंकायला लागला.

काय करता येईल ते आनंदराजला तेव्हा कळलं. कळायला नको होतं असंही वाटलं.

त्याने तोच ओला दगड हातात घेतला. आखाड्याच्या बाजूला तोंड केलं. “हाड!” म्हणाला आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून दगड दूर तुरीत फेकला. खाऱ्या सुसाट सुटला. तुरीचे शेंडे हलत गेले, आत भुंकणं चालू होतं, या ओळीतून त्या ओळीत. आनंदराजने स्कूटी चालू केली. डोळ्यांपुढचा रस्ता धड दिसत नव्हता, तरी त्याने ती मोठ्या रस्त्यावर घातली. बराच लांबपर्यंत त्याला ते भुंकणं ऐकू येत होतं.

मग ते एकदम थांबलं. दगड सापडला होता.